डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच

तोरेदो बेट
६ मार्च २००३

ओकजू बाई,

पत्राची सुरुवात हवामानाने करायची, ही तुमची ताकीद लक्षात आहे. तर हवामान: सकाळपासून धुकं. धक्का दिसत नाही. बोटीचा भोंगा ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने ते कळत नाही. झालं हवामान.

तुमची बदली होऊन आठवडा झाला आणि शाळेत मन मोकळं करावं असं कोणी उरलेलं नाही. तुमच्या जागी आलेले प्यो सर सज्जन आहेत, पण मला कोरियन कळतं हे त्यांना माहीत नाही आणि मी सांगायचंही नाही. दोन वर्षांपूर्वी मी वेल्सहून इथे इंग्रजी शिकवायला आलो, तेव्हा मुख्याध्यापक कुम सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुम्हाला कोरियन येतं असा मुलांना संशयसुद्धा येऊ देऊ नका. संशय आला की संपलं, मग कशाला इंग्रजी बोलतील लेकाचे?" तेव्हा मला खरंच येत नव्हतं, त्यामुळे नियम पाळणं सोपं होतं. मग तुम्ही शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून मला शिकवलंत आणि माझी पंचाईत करून ठेवलीत. बेट एवढंसं. वर्गातली मुलंच दुकानात भेटतात, तीच धक्क्यावर गळ टाकून बसलेली असतात. म्हणून मी सगळीकडेच मठ्ठ चेहरा करून फिरतो. माझ्या पणजीला शाळेत वेल्श बोलली म्हणून गळ्यात लाकडाची फळी अडकवून उभं करायचे. माझी फळी तेवढी कोणाला दिसत नाही.

तुम्ही निघालात त्या दिवशी तुमची आई धक्क्यावर आली होती. बोट सुटायच्या आधीच पाठ फिरवून घरी चालू लागली. तुम्ही कठड्याशी हात वर करून उभ्या होतात आणि बोट निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं, तुम्हाला किती वाटलं असेल.

आता नवलाची गोष्ट. मावशी (सगळी शाळा तुमच्या आईला मावशी म्हणते, मीही मनातल्या मनात तेच म्हणतो) हल्ली शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम उरकून, दुपारचं जेवण आटपून मुलं पळाली की लसणाचं घमेलं घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात आणि बोलायला लागतात. माझ्याशी. "तुला कुठं काय कळतंय रे, तेच बरं आहे," असं म्हणून सुरुवात होते आणि लसूण संपेपर्यंत थांबत नाहीत. काल तुमच्याबद्दलही बोलल्या. काय म्हणाल्या ते लिहू का?

तुमचा विद्यार्थी,
इद्रिस

---

ग्वांगजू
१९ मार्च

इद्रिस सर,

ग्वांगजूला हवामान नसतं, पिवळी धूळ असते. खिडकीतून समोरची इमारत दिसते, तिच्या खिडकीतून बहुधा मी दिसते.

आधी गृहपाठ. तुम्ही बोटीला आदरार्थी क्रियापद लावलंत. "बोट निघून गेल्या." बोट तुमची सासू नाही. बाकी पत्र इतकं शुद्ध आहे की मला थोडा राग आला. शिक्षकाला लाल पेन धरून नुसतं बसावं लागणं बरं नाही.

आता आईचं. ती काय म्हणाली ते मला मुळीच लिहू नका.

माझे बाबा समुद्रावरून परत आले नाहीत तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून आई माझ्याशी चारच गोष्टी बोलली आहे: जेव, झोप, अभ्यास कर, या बेटावरून जा. दर रविवारी मी फोन करते. "जेवलीस का? बरं. ठेवते, बिल वाढतं." संपलं. अशी बाई कोणासमोर तरी बसून तासभर बोलते हे वाचून मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच रडले. लोकांना वाटलं मला धूळ सोसत नाही.

लहानपणी आम्हाला एक गोष्ट सांगायचे. राजाचे कान गाढवाचे आहेत, हे फक्त त्याच्या टोपीवाल्याला ठाऊक असतं. पोट फुगून जीव जायची वेळ आली तेव्हा तो बांबूच्या बनात जाऊन ओरडून घेतो. तुम्ही आईचं बांबूचं बन आहात. पण गोष्टीतलं बन पुढे वाऱ्यावर सगळं बोलून दाखवायला लागलं. तेवढं करू नका. तिने तुमच्यापाशी ठेवलेलं तुमच्यापाशीच राहू द्या. मी तिची मुलगी आहे, चोरून ऐकणं मला शोभत नाही.

म्हणून आपलं ठरलं. कानांनी ऐकलेलं एक अक्षर लिहायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहा. ती कशी दिसते, काय करते, केस बांधते की तसेच सोडते. तेवढं मला पुरे.

ओकजू

---

तोरेदो
१४ जून

ओकजू बाई,

हवामान: धुकं, धुकं आणि दुपारी थोडं कमी धुकं. जूनमध्ये हे बेट असतं की नसतं अशी शंका येते. सकाळी मी घरातून निघतो, समोर काहीच नसतं. मग शाळेचं फाटक हळूच पुढ्यात येऊन उभं राहतं. मुलांचे आवाज आधी येतात, मुलं मागाहून. एखाद्या दिवशी आवाज येऊन मुलं आलीच नाहीत तर मी हजेरी घेईन असं वाटतं.

ठरल्याप्रमाणे डोळ्यांनी पाहिलेलं:

गेल्या मंगळवारी मावशी दिवसभर एका पायात स्वतःची सपात आणि दुसऱ्या पायात कुम सरांची घालून हिंडत होत्या. कुम सर उरलेल्या दोन घालून हिंडत होते, कारण मावशींना कोण सांगणार? बुधवारी शेवाळाच्या सुपात मीठ दोनदा पडलं. मुलांनी तोंड वाकडं करून पाणी पीत पीत संपवलं. पाचवीतली दाराम म्हणाली, समुद्रच प्यायलो की आपण. मावशींनी तिला वाढपाचा डाव दाखवला आणि सगळी हसली.

केस बांधतात. नीट, मागे. सुईत दोरा मात्र माझ्याकडून ओवून घेतात. नुसती सुई पुढे करतात, मी ओवतो.

आणि एक. परवा मी भांडी ठेवायला आत गेलो तर त्या खिडकीशी उभ्या होत्या. हातात तुमचा पदवीचा फोटो. अगदी नाकाला टेकेल इतका जवळ धरलेला. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मी आल्या पावली परत फिरलो.

बाकी त्या बोलतात. मी ऐकतो. लिहीत नाही.

इद्रिस

---

ग्वांगजू
६ जुलै

इद्रिस सर,

पाऊस. उकाडा. पंख्याखाली एकेचाळीस मुलं.

सपातांचं वाचून इतकी हसले की शेजारच्या बाईंनी पत्र मागून घेतलं. तुमचं अक्षर पाहून म्हणाल्या, कुठल्या वर्गातला आहे हा मुलगा? मी म्हटलं, दुसरीतला, पण हुशार आहे.

आई विसराळू व्हायला लागली. वय झालं. आणि तो फोटो! माझ्या पदवीच्या दिवशी हीच बाई म्हणाली होती, "त्या टोपीत तू घुबडासारखी दिसतेस." आता नाकाला लावून बघते. घरी राहिले असते तर कधी बघितला असता का? माणूस दूर गेलं की किंमत कळते, दुसरं काय.

एक बातमी. इंग्रजीच्या शिक्षकांना एक वर्ष कॅनडात प्रशिक्षणाला पाठवतात, त्यासाठी मी अर्ज केला आहे. निवड शरदात, जायचं फेब्रुवारीच्या शेवटी. गेली अकरा वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे आणि इंग्रजी बोलणारा देश मी नकाशातच पाहिला आहे. तुमच्याशी पहिल्यांदा बोलायचं होतं त्या दिवशी मी सकाळभर न्हाणीघरात सराव करत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला जायचंय. खूप जायचंय. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "जा." मग म्हणाली, "वर्षभर?" मग म्हणाली, "जा. ठेवते."

ओकजू

---

*(हे पत्र टाकलं नाही. टेबलाच्या खणात राहिलं.)*

तोरेदो
२१ सप्टेंबर

ओकजू बाई,

आभाळ निळंशार. पलीकडच्या बेटावरची झाडं इथून मोजता येतील.

आज मावशी लसूण न घेताच येऊन बसल्या. मोकळे हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "आज फार धुकं आहे नाही?" मी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं थट्टा करतायत.

मग त्या बोलल्या. मागच्या आठवड्यात सुकी मासळी विकायला म्हणून पलीकडच्या मोक्पो शहरात गेल्या होत्या, त्या मासळीसाठी गेल्याच नव्हत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. डोळ्यामागची शीर वाळत चालली आहे. गेली ती नजर परत येणार नाही. रोज औषधाचे थेंब घातले तर उरलेली थोडी टिकेल. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सावल्या राहतील, माणसं राहणार नाहीत. "बाहेर कुठं नसतं ते धुकं," त्या म्हणाल्या, "ते माझ्यात आहे. वर्षभर झालं. आधी कडेकडेनं आलं, आता मधे यायला लागलंय."

आणि मग: "तिकडून वर्षानं ती परत येईल तेव्हा तिचं तोंड मला दिसणार नाही. एकदा नीट बघून घेतलं असतं म्हणजे झालं असतं." माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पण हे ओकजूला कळता कामा नये." मग पुन्हा, "कळता कामा नये बरं का." मग टेबलावर हात आपटून तिसऱ्यांदा, "अजिबात कळता कामा नये!"

मी मठ्ठ चेहरा केला. इतका अवघड मठ्ठ चेहरा मी आजवर केला नव्हता.

मी काय करू? तुम्ही म्हणालात, ऐकलेलं लिहायचं नाही. त्या म्हणाल्या, कळता कामा नये. दोघींनी माझ्या तोंडावर हात ठेवलेत. सांगावं तर त्यांचा विश्वास जातो आणि तुमचा कॅनडाही. न सांगावं तर तुम्ही जाल आणि त्यांना तुम्ही शेवटच्या कधी दिसलात, हे तुम्हाला वर्षाने कळेल.

हे पत्र मी लिहितो आहे, कारण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. टाकणार नाही.

---

ग्वांगजू
२ नोव्हेंबर

इद्रिस सर,

हवामान छान. मन त्याहून छान. माझी निवड झाली! चोवीस फेब्रुवारीला निघायचं. कुम सरांना सांगा, त्यांच्या शाळेची बाई परदेशी चालली. (म्हणजे तुम्ही कसे सांगणार? प्यो सरांना पत्र लिहीन.)

तुमची पत्रं हल्ली आखडती का झाली आहेत? ऑक्टोबरमध्ये पाच ओळी. पाचांतल्या दोन हवामानाच्या. रागावलात का माझ्यावर? मी जाते म्हणून? तसं असेल तर सरळ लिहा, मला आवडेल. म्हणजे रागावणं नाही, सरळ लिहिणं आवडेल.

किमची घालायला यंदा जाणार होते. बेटावरच्या सगळ्या बाया आमच्या अंगणात जमतात आणि मी नसले तर आईला शेजारणीचे टोमणे खावे लागतात. पण आई म्हणाली, "येऊ नकोस. धुकं असतं. बोट सुटेल न सुटेल." रविवारी फोन केला की हेच. धुकं आहे, फार धुकं आहे. आणि तुमच्या पाच ओळींत मात्र लिहिलंय: आभाळ स्वच्छ. मागच्या पत्रातही स्वच्छ. टीव्हीवरही दक्षिण किनारा स्वच्छ.

तुमच्यापैकी खरं कोण बोलतंय?

ओकजू

---

तोरेदो
१० नोव्हेंबर

ओकजू बाई,

हवामानाबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितो. आपलं ठरलंय की मी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहायचं. ते मी आजवर मोडलं नाही, आजही मोडत नाही.

ऑगस्टपासून आजपर्यंत या बेटावर मी एकदाही धुकं पाहिलेलं नाही.

किमची काल घालून झाली. मावशी अंगणात मध्ये बसल्या होत्या. बाया त्यांच्या हातात कोबी देत होत्या, त्या पानापानाला मसाला चोळत होत्या. कोणी जवळ आलं की आधी थांबत, समोरची बाई बोलली की मग तिचं नाव घेत. हे मी पाहिलं.

किमची घालायला सबंध दिवस ऊन होतं.

इद्रिस

---

ग्वांगजू
२४ नोव्हेंबर

इद्रिस सर,

हवामान मागाहून.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची, तशीच बंदरावर गेले. तुम्ही त्याच दिवशी मोक्पोला तुमचं परदेशी माणसाचं कार्ड नवं करायला निघाला होतात, हे नंतर कळलं. म्हणजे वाटेत आपल्या बोटी एकमेकींजवळून गेल्या. मी आत बसून होते. बाहेर आले असते तर तुम्ही दिसला असता.

आई अंगणात मुळ्याचा पाला दोरीवर घालत होती. ऊन तिच्या तोंडावर होतं आणि माझ्याही. मी फाटकात उभी राहिले. तिने वळून पाहिलं, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

मी नुसतं "आई" म्हटलं.

"अगंबाई, तू! आज धुकं फार आहे ना, म्हणून दिसली नाहीस."

सर, अंगणात इतकं ऊन होतं की डोळे मिटावेसे वाटत होते.

पुढचं तुम्हाला ऐकायलाच हवं, कारण त्यात तुम्हाला शिव्या आहेत. मी रडून घेतल्यावर तिने विचारलं, "सांगितलं का शेवटी त्यानं?"

"कोणी?"

"त्या गोऱ्यानं. इद्रिसनं."

"त्यांनी काही सांगितलं नाही. म्हणाले, धुकं दिसलं नाही. बस."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "दगड आहे मेला, दगड! घसा कोरडा केला मी त्याच्यापुढं. मार्चपासून लसूण सोलतेय. सगळ्या बेटाला वर्षभर पुरेल एवढा लसूण सोलला मी!"

"आई, म्हणजे त्यांना कोरियन कळतं हे तुला..."

"पहिल्या महिन्यातच कळलं. मी तुझ्या बाबांचं बोलत होते, तर ह्याचा चमचा थांबला. भाषा न कळणाऱ्याचा चमचा कधी थांबतो का? आणि आठवड्याला तुला पाकीट जातं हे पोस्टमन पाक सांगत नाही का मला? म्हटलं, ह्याच्या कानात घातलं की तुझ्या कानावर पडेल. तर हा तोंडाला कुलूप लावून बसलेला!"

मी म्हटलं, पण तूच त्यांना म्हणाली असशील, की ओकजूला कळता कामा नये.

"तीनदा म्हटलं," आई म्हणाली. "तीनदा! टेबल बडवून! ज्याला काही कळत नाही त्याला कोणी तीनदा बजावतं का? दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं."

मग मी विचारलं, मला सरळ फोनवर का नाही सांगितलंस? बराच वेळ ती पाल्याची दोरी चाचपत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तू जायचं रद्द केलं असतंस. मग जन्मभर आईमुळं राहिली असं झालं असतं. इकडून तिकडून कळलं असतं तर आपसूक आली असतीस, समोर बसली असतीस, मी बघून घेतलं असतं आणि गेली असतीस. मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. दोघींचाही मान राहिला असता."

अकरा वर्षं शिकवते आहे मी, पण इतका सरळ हिशेब मला कोणी मांडून दाखवला नव्हता.

रविवारी सकाळपासून दुपार उतरेपर्यंत तिने मला ओसरीवर उन्हात बसवून ठेवलं. तोंड इकडे कर, आता तिकडे. नाकाला नाक लागेल इतक्या जवळून बघायची. मग हाताने. "नाक बापाचं घेतलंस, तेवढं चुकलं." भुवया, कपाळावरचा लहानपणचा व्रण, सगळं. मी म्हटलं, आई, मी जात नाही. तर म्हणाली, "आता बघून झालंय, आता कशाला थांबतेस? परत येशील तेव्हा दिसली नाहीस तरी आवाज तुझा कर्कश आहे, ओळखीन."

मी जाते आहे. परत आल्यावरच्या बदलीसाठी पहिली पसंती तोरेदो लिहून दिली आहे, दुसरी रिकामी ठेवली आहे. डॉक्टरांनी दिलेले थेंब सकाळ-संध्याकाळ घालायला हवेत, आणि ती स्वतः घालते तेव्हा निम्मे गालावर जातात. कोणाला सांगू? तुम्ही पुढच्या वर्षी आहात का, हे मी विचारत नाही. कार्ड नवं करून घेतलंत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ऐकलं आहे.

आणि यापुढे ऐकलेलंही लिहा. मी मूर्ख होते.

हवामान: आज ग्वांगजूला पहिला बर्फ.

ओकजू

---

तोरेदो
२६ फेब्रुवारी २००४

ओकजू बाई,

तुम्ही निघालात त्या दिवसाचं हवामान तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी सगळे लख्ख गेले आणि नेमकं त्या सकाळी धुकं आलं. खरं धुकं, सगळ्यांना दिसणारं. कप्तान दोन तास थांबला. जरा विरळ झालं तेव्हा दोर सोडले आणि बोट बंधाऱ्यापर्यंतही पोचली नसेल तर पुन्हा सगळं पांढरं.

सगळी शाळा धक्क्यावर होती. कुम सर, प्यो सर, मुलं. मावशी माझ्या शेजारी. मला वाटलं, गेल्या वर्षीसारख्या पाठ फिरवून जातील. गेल्या नाहीत. थेंबांचं काम मी घेतल्यापासून त्या लसणाशिवायच बोलतात, त्यामुळे मला आता कारण माहीत आहे. मागच्या वर्षी बोट सुटायच्या आधीच त्यांना तुमचा चेहरा दिसेनासा झाला होता. "न दिसणाऱ्याकडं तोंड करून काय उभं राहायचं?" असं त्या म्हणाल्या.

या वेळी त्यांनी माझी बाही धरली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारलं, "ए पोरा, सांग. काय करतेय ती?"

बोट कुठे आहे हेसुद्धा मला दिसत नव्हतं. मुलं माझ्याकडे पाहत होती. कुम सर माझ्याकडे पाहत होते. तीन वर्षांची फळी माझ्या गळ्यात होती.

"कठड्याशी उभ्या आहेत, मावशी," मी म्हणालो. कोरियनमध्ये.

मग दाराम ओरडली, "सर बोलले! सर आपल्यासारखं बोलले!" कुम सरांचं तोंड उघडंच राहिलं. शिक्षकांच्या रात्रीच्या जेवणात, मला कळत नाही असं समजून, ते मला उकडलेला बटाटा म्हणायचे, त्या सगळ्या रात्री एकामागून एक त्यांना आठवत असाव्यात. पण मावशींनी कोणाकडेही लक्ष दिलं नाही.

"हात हलवतेय?"

"दोन्ही."

"कोट कुठला घातलाय?"

"निळा कोट, मावशी."

"रडतेय का?"

"नाही. हसतायत."

मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "खोटारड्या. धुक्याचा वास येतो मला. तुला टीचभरही दिसत नाहीये."

पण त्यांनी बाही सोडली नाही. "थांबलास का?" म्हणाल्या. "पुढं सांग."

मी पुढे सांगत राहिलो. भोंगा ऐकू येईनासा झाला तरी सांगत होतो. मुलंही येऊन ऐकत उभी राहिली. सगळ्यांना तुम्ही दिसत होतात.

आता मला खरं काय ते कळवा. डोळ्यांनी न पाहिलेलं मी पहिल्यांदाच सांगितलं आहे आणि त्यात चूक राहिली असेल तर मावशींना मी रोज संध्याकाळी थेंब घालताना भेटतो. सुधारून सांगता येईल.

नोकरी शाबूत आहे. कुम सर मला पाहून वाट बदलतात एवढंच.

इद्रिस

---

कॅनडा
१२ मार्च

इद्रिस सर,

बर्फ. खिडकीपर्यंत.

कार्डावर जागा कमी आहे. दोन्ही हात हलवत होते, बरोबर. कोटही बरोबर. मला धक्का दिसत नव्हता, पण धुक्यातून आवाज किती लांब जातो तुम्हाला ठाऊक नाही. तुमचा तो वेल्श हेल ऐकू येत होता. "निळा कोट" इथपर्यंत ऐकलं. पुढेही.

शेवटचं तेवढं चुकलात. मी हसत नव्हते.

पण हे आईला कळता कामा नये. कळता कामा नये बरं का. अजिबात कळता कामा नये.

ओकजू